देवराई

ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले, कुऱ्हाडबंदी असलेले वन. मावळात व घाटमाथ्यावर देवराई किंवा राई, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात देवरहाटी ही नावे रूढ आहेत. कर्नाटकातील कोडगूमधील देवरकाडू, केरळातील काव व राजस्थानातील ओरण ही याच परंपरेची रूपे होत. महाराष्ट्रातील राया बहुधा लहान असतात. काही गुंठ्यांपासून काही हेक्टरांपर्यंत. काळकाई, वाघजाई, सोमजाई, भैरवनाथ, रवळनाथ ही त्यांतील नेहमीची दैवते.

देवरायांच्या उगमाविषयी एकमत नाही. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मातृदेवतांच्या स्थानांचा अभ्यास करून या राया शेतीपूर्व, शिकार व अन्नसंकलनाच्या अवस्थेतील असाव्यात असे मांडले. उघड्यावरचा तांदळा (देव म्हणून पूजलेला अनघड दगड), शेंदूर आणि देवीला डोक्यावर छप्पर चालत नाही ही अनेक ठिकाणची समजूत या मताला पोषक आहे. दुसऱ्या मतानुसार, कुमरी (रान तोडून-जाळून केलेल्या फिरत्या) शेतीसाठी रान तोडताना मुद्दाम सोडलेले तुकडे म्हणजे देवराया. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ व वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील रायांची पाहणी केली आणि श्रद्धेइतकेच पाणी, औषधी व बियाणे यांच्या रक्षणाकडे लक्ष वेधले. ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही: दैवत प्राचीन आणि भोवतीचे रान त्यामानाने अलीकडचे, असेही असू शकते. एखाद्या राईचे वय केवळ वृक्षांच्या घेरावरून ठरविणे मात्र धोक्याचे आहे. वनाधिकारी डीट्रिख ब्रँडिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील अशा वनांची दखल घेतली. त्याआधीचा लेखी पुरावा विरळ आहे.

राईतील लाकूड, पालापाचोळासुद्धा, घरी न्यायचा नाही असा सर्वसाधारण दंडक. देवळाच्या कामासाठी झाड हवे असल्यास देवाला कौल लावून त्याची संमती विचारतात. चपला बाहेर काढूनच आत शिरतात. नियम गावागणिक बदलतात: मावळातील आजिवली येथे वाघजाईच्या राईत भेर्ली माडाची (ताडासारख्या एका झाडाची) माडी काढण्यास मुभा राहिली आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञांना येथे आसमंतातून नाहीशी झालेली झाडे सापडतात. गारंबीचे मांडीएवढे वेल, सातवीण, बेहडा, सुरंगी ही ठळक उदाहरणे. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो व फळांच्या बिया दूरवर टाकतो. म्हणून एक वठलेला वृक्ष तोडणेही राईचे मोठे नुकसान होय. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे आणि गोव्यात सत्तरीतील निरंकाराची राई येथे रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदल टिकून आहे. पायाशी बारमाही पाणी व चिखलातून वर आलेली गुडघ्यासारखी मुळे हे तिचे वैशिष्ट्य. महाराष्ट्रात अशी जागा अत्यंत दुर्मीळ असून बांबर्ड्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे.

श्रीवर्धन तालुक्यातील गाणी येथील राई तोडली जाणार असे दिसताच ग्रामस्थांनी वर्तकांशी संपर्क साधला. गावाचा ओढा त्या रानावर अवलंबून आहे, हे त्यांचे म्हणणे होते. या हकीकतीवरून देवराईकडे केवळ भीतीपोटी पाळलेली रूढी म्हणून पाहणे अपुरे ठरते.

मालकीचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. वहिवाट गावाची असली तरी काही राया सातबाऱ्यावर सरकारी, काही देवस्थानच्या, तर काही खासगी आहेत. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव वनात गेलेल्या रायांवर गावाचा अधिकार क्षीण झाला. २००६च्या वन हक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे.

आज सर्वांत मोठा धोका बहुधा जीर्णोद्धाराचा आहे. तांदळ्याच्या जागी मूर्ती, मग सिमेंटचा सभामंडप, मग वाहने उभी करायला मोकळी जागा. आणि खर्च भागविण्यासाठी राईतीलच झाडे विकली जातात. देवळाची श्रीमंती वाढत असताना रान मात्र विरळ होत जाते. पाहायला जाणाऱ्याने गुरवाला किंवा मानकऱ्याला विचारूनच आत जावे, मळलेली वाट सोडू नये आणि धनेशाच्या विणीच्या काळात ढोलीखाली थांबू नये.