स्प्रिंगने विलग होणाऱ्या गाड्या

दोन गाड्यांमध्ये स्प्रिंग दाबून त्या दोऱ्याने एकत्र बांधल्या आणि आडव्या, गुळगुळीत रुळावर ठेवून दोरा तोडला, की त्या परस्परविरुद्ध दिशांना सुटतात. यामिकीच्या प्राथमिक अभ्यासातील हा नेहमीचा प्रयोग. यात संवेग (वस्तुमान व वेग यांचा गुणाकार) व ऊर्जा यांची एकूण बेरीज कायम राहते असे सांगणारे संवेग अक्षय्यता व ऊर्जा अक्षय्यता हे दोन्ही नियम एकदम लावावे लागतात. संवेगावरून वेगांचे केवळ गुणोत्तर कळते. प्रत्यक्ष मूल्य स्प्रिंगमध्ये साठलेल्या स्थितिज ऊर्जेवरून ठरते.

समजा, गाड्यांची वस्तुमाने ०.५ व १.५ किग्रॅ., स्प्रिंगचा बल स्थिरांक (दर मीटर दाबण्यास लागणारे बल) ६०० न्यूटन प्रतिमीटर व स्प्रिंग दाबलेले अंतर ४ सेंमी. आहे. साठलेली ऊर्जा, म्हणजे स्थिरांक व या अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी, ०.४८ जूल येते. सुरुवातीचा एकूण संवेग शून्य असल्याने हलक्या गाडीचा वेग जड गाडीच्या तिप्पट असला पाहिजे. दोन्ही अटी मिळून वेग अनुक्रमे १.२ व ०.४ मीटर प्रतिसेकंद निघतात. संवेग दोघींचे सारखेच, ०.६ किग्रॅ.-मीटर प्रतिसेकंद, ऊर्जा मात्र ०.३६ व ०.१२ जूल. हलक्या गाडीच्या वाट्याला तीन चतुर्थांश ऊर्जा जाते, हे नवख्याला खटकते.

स्प्रिंग उलगडते त्या क्षणाकडे पाहिले, तर कारण उमगते. हा क्षण सु. ०.०४ सेकंदाचा असतो. तेवढ्या अवधीत हलकी गाडी ३ सेंमी. सरकते, जड गाडी १ सेंमी. दोघींवरचे बल प्रत्येक क्षणी सारखे आणि काळही सारखा, म्हणून आवेग (बल व काळ यांचा गुणाकार) सारखा. अंतर वेगळे, म्हणून कार्य (बल व अंतर यांचा गुणाकार) वेगळे.

‘गतीचे खरे माप कोणते’ हा जुना वाद नेमका याच भेदावर उभा होता. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी १६४४ मध्ये आकारमान व चाल यांच्या गुणाकाराला गतीचे परिमाण मानले, पण दिशा जमेस धरली नाही. त्या हिशेबाने सुटणाऱ्या गाड्यांचे परिमाण शून्यावरून एकाएकी वाढते. ही उणीव वॉलिस, रेन व हायगेन्झ या शास्त्रज्ञांच्या १६६८-६९ मधील आघातविषयक (वस्तूंच्या टकरींविषयीच्या) लेखनातून दूर होत गेली. तिघांपैकी हायगेन्झ यांचे विवेचन अधिक सखोल म्हणावे लागेल. जर्मन तत्त्वज्ञ व गणितज्ञ लायप्निट्स यांनी १६८६ मध्ये वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचा पक्ष मांडला. फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी १७४३ मध्ये हा वाद केवळ शब्दांचा ठरवून संपवला, असे सरसकट लिहिले जाते. ते जपूनच स्वीकारावे, कारण त्यानंतरही चर्चा चालू होती आणि बलाचा परिणाम काळावर मोजायचा की अंतरावर, हा खुलासा त्यांच्या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत अधिक स्पष्ट झालेला दिसतो. वर्गाच्या पदामागचा ‘निम्मा’ हा गुणक फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिस यांच्या १८२९ च्या लेखनानंतर रूढ झाला.

जोडी आधीच गतिमान असेल, तर ऊर्जेची ३:१ ही वाटणी टिकत नाही. वरील गाड्या ०.४ मीटर प्रतिसेकंद वेगाने, हलकी पुढे ठेवून, जात असताना दोरा तोडला, तर जड गाडी जागीच थबकते व हलकी १.६ च्या वेगाने निघते. आधीचे ०.१६ व स्प्रिंगचे ०.४८ असे सगळे ०.६४ जूल तिच्याकडे जातात. वाटणी निर्देशचौकटीवर, म्हणजे गती कोणाच्या सापेक्ष मोजली यावर, अवलंबून असते. दोन्ही गाड्यांच्या वस्तुमानमध्याचा (एकत्रित वस्तुमानाच्या मध्यबिंदूचा) वेग मात्र दोरा तोडल्याने बदलत नाही.

प्रत्यक्षात मोजलेली ऊर्जा काढलेल्या मूल्याहून कमी भरते. आवाज, चाकांचे घर्षण व स्प्रिंगमधील अंतर्गत ऱ्हास ही त्याची कारणे. संवेगाचा ताळा तरीही बराच चांगला जुळतो, कारण इतक्या अल्प काळात घर्षणाचा आवेग नगण्य असतो. दोरा कात्रीने न कापता जाळतात, म्हणजे हाताचा धक्का लागत नाही. स्प्रिंग ज्या गाडीला चिकटून राहते तिच्या वस्तुमानात स्प्रिंगचेही वस्तुमान धरावे लागते.