ग्राफ डेटाबेसमध्ये कोणाला काय दिसावं? आमच्या फाउंड्री ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमचा डेटा आम्ही ग्राफ डेटाबेसमध्ये बसवतो तो मुख्यतः एका प्रश्नासाठी. परत आलेलं कास्टिंग कुठल्या हीटचं (भट्टीतून एका वेळी वितळवून काढलेल्या मेटलचं), त्या हीटच्या चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकलेल्या मालात, कुठला स्क्रॅप आणि कुठलं पिग आयर्न पडलं होतं, आणि त्याच मालाची आणखी किती कास्टिंगं डिस्पॅच झाली आहेत? रजिस्टर आणि एक्सेलच्या फायली उलगडत बसलं तर या उत्तराला दिवस जातो. ग्राफमध्ये कास्टिंग, हीट, मालाचा लॉट, पुरवठादार या एकेक नोंदी असतात आणि त्यांना जोडणारं नातंही तितकंच नीट साठवलेलं असतं. एका कास्टिंगवरून निघालं की पुरवठादारापर्यंत वाट सरळ सापडते.

तीच वाट दुसऱ्या कोणालातरी तुमच्या खरेदीच्या दरापर्यंत किंवा तुमच्या दुसऱ्या ग्राहकाच्या पार्ट नंबरपर्यंतही नेऊ शकते. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले वसाहतीत सिस्टिम बसवायला गेलो की मालक हमखास विचारतात, "प्रत्येकाला पासवर्ड दिलाय, मग झालं की?" पासवर्डमुळे आत कोण येणार एवढंच ठरतं. आत आलेला माणूस कुठून कुठवर चालत जाईल, हे वेगळं ठरवावं लागतं आणि ते डेटा भरायला सुरुवात होण्याआधीच ठरवलेलं बरं.

एका हीटमधले दोन ग्राहक

इंडक्शन फर्नेसमधून एक हीट काढली की तेच मेटल कधी दोन-तीन ग्राहकांच्या साच्यांत ओतलं जातं. ग्रेड एक असला की हे रोजचंच. आता समजा, त्यातल्या एका ग्राहकाच्या क्वालिटी इन्स्पेक्टरला तुम्ही लॉगिन दिलं. त्याला त्याच्या कास्टिंगची केमिस्ट्री बघायची आहे, मागणी रास्त आहे. तो आपल्या कास्टिंगवरून हीटवर जातो, कार्बन-सिलिकॉन बघतो. पण हीटवरून खाली उतरणाऱ्या सगळ्या रेघा, म्हणजे नाती, उघड्या असतील, तर त्याच हीटमधलं दुसऱ्या ग्राहकाचं कास्टिंग, त्याचा पार्ट नंबर आणि डिस्पॅचची संख्याही त्याच्यासमोर येते. त्यात कोणी काही हॅक केलेलं नसतं. त्याला दिलेल्या वाटेनंच तो तिथं पोहोचलेला असतो.

निओफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसच्या एंटरप्राइज, म्हणजे पैसे देऊन घ्यायच्या, आवृत्तीत याला बंदोबस्त आहे. २०२० मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून कुठल्या प्रकारची नोंद, कुठलं नातं आणि नोंदीतली कुठली माहिती कोणत्या रोलला (कामाप्रमाणे लॉगिनला दिलेल्या परवानग्यांच्या गटाला) दिसावी, हे डेटाबेसमध्येच लिहून ठेवता येतं. पुढच्या आवृत्त्यांत नोंदीतल्या मजकुरावरून नियम लावायचीही सोय आली, म्हणजे 'ग्राहक क्रमांक अमुक असेल तेवढीच कास्टिंगं या रोलला दाखवा'. नियमाप्रमाणे नातं दिसायला त्याची दोन्ही टोकं दिसावी लागतात. त्यामुळे दुसऱ्याचं कास्टिंग झाकलं की हीटवरून तिकडं जाणारी रेघही आपोआप झाकली जाते. असे नियम फार झाले की शोध मंदावतो, म्हणून आम्ही ते फक्त बाहेरच्या लोकांच्या रोलला लावतो.

इथं एक जागा हमखास सुटते. हीटच्या नोंदीत 'शेरा' नावाचा रकाना असतो आणि सुपरवायझर त्यात लिहितो, 'अमक्या पार्टीचं अर्जंट, आधी ओतलं'. सगळ्या रेघा झाकल्या तरी हा शेरा वाचला की काम झालं! म्हणून बाहेरच्या रोलला हीट सरसकट कधीच वाचायला देऊ नका. तारीख, ग्रेड, केमिस्ट्री एवढेच रकाने द्या. शेरा आणि ओतलेलं एकूण वजन देऊ नका, कारण वजनावरून दुसऱ्याची ऑर्डर किती मोठी होती याचा अंदाज जाणकार माणूस बांधतो.

आमचं स्पष्ट मत असं की बाहेरच्या ग्राहकाला डेटाबेसचं थेट लॉगिन द्यायचंच नाही. त्याला ॲपमधून ठरावीक प्रश्नच विचारता यावेत आणि त्याचा ग्राहक क्रमांक त्याच्या लॉगिनवरून ॲपनंच घ्यावा, त्यानं टाइप केलेला घेऊ नये. त्यानं टाइप केलेली कुठलीही अक्षरं थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, चिकटवू नयेत, पॅरामीटर म्हणून, म्हणजे प्रश्नापासून वेगळीच पाठवावीत. आणि ॲप स्वतः ॲडमिन म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या लॉगिननं, डेटाबेसला जोडलेलं नसावं. बऱ्याच ठिकाणी तसं जोडलेलं सापडतं. मग डेटाबेसमधले नियम कितीही नीट लिहिलेले असोत, ॲडमिनला ते लागूच होत नाहीत.

वाटेवरून जाणं वेगळं, वाचणं वेगळं

ग्राफमध्ये दोन परवानग्या वेगळ्या असतात. ट्रॅव्हर्स म्हणजे नोंदीवरून पुढं जाता येणं, रीड म्हणजे नोंदीतला मजकूर वाचता येणं. हा फरक तुमच्या क्वालिटी हेडसाठी फार कामाचा आहे. ब्लो होलमुळे (वायूमुळे पडलेल्या पोकळीमुळे) परत आलेल्या पाच कास्टिंगांत समाईक काय, हे त्यांना शोधायचं असतं. पुरवठादाराची नोंद त्यांच्यापासून पूर्ण झाकली तर वाट मध्येच तुटते आणि 'समाईक काही नाही' असं उत्तर येतं. सिस्टिम चूकही दाखवत नाही, कारण त्यांच्यापुरती ती नोंद अस्तित्वातच नसते. म्हणून क्वालिटीला सगळीकडे ट्रॅव्हर्स द्यावं, पण दर आणि पेमेंटच्या अटींचं रीड देऊ नये. माल कुणाचा हे त्यांना कळेल, किती रुपयांनी घेतला ते कळणार नाही.

मात्र न दिलेला रकाना त्यांना रिकामा दिसतो. तिथं कुलपाचं चित्र येत नाही. मग स्टोअरमधून अकाउंटला फोन जातो, "अहो, स्क्रॅपचा दर भरलाच नाही की!" हा फोन निदान निरुपद्रवी. रिपोर्टमधली बेरीज मात्र गप्प चुकते. अर्ध्या नोंदी झाकलेल्या रोलमधून महिन्याचं रिजेक्शन काढलं तर आकडा कमी येतो आणि तो छान दिसतो म्हणून कोणी शंकाही घेत नाही. आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर तो कुठल्या रोलनं काढला हे छापलेलं असतं ते यासाठी. मीटिंगमध्ये आकडे जुळले नाहीत तर आधी ती ओळ बघा.

डिनाय म्हणजे स्पष्ट मनाई. एका रोलमध्ये परवानगी आणि दुसऱ्यात मनाई असेल तर मनाईच चालते. आपल्याकडे एकच माणूस सकाळी स्टोअर बघतो आणि दुपारी बिलं करतो, तेव्हा स्टोअरच्या रोलमधल्या मनाईमुळे त्याचं बिलिंग अडतं. आम्ही मनाई जपून वापरतो. लागेल तेवढीच परवानगी दिली की बाकीचं आपोआप बंद राहतं. 'पब्लिक' हा रोल प्रत्येक लॉगिनला आपोआप लागतो, त्यामुळे त्यात डेटाची कुठलीही परवानगी घालू नका.

फुकटची आवृत्ती चालेल का?

छोट्या युनिटला चालेल, पण एक गोष्ट माहीत असू द्या. निओफोरजेच्या कम्युनिटी आवृत्तीत रोल नाहीत. जो कोणी लॉगिन करेल त्याला सगळं दिसतं आणि सगळं पुसताही येतं. अशा ठिकाणी डेटाबेसचा पासवर्ड फक्त ॲपकडे राहील आणि कोणाला काय दाखवायचं ते ॲप ठरवेल, अशी मांडणी आम्ही करतो. मालकांच्या लॅपटॉपवरूनही थेट जोडणी नको.

लॉगिन, कायदा आणि बॅकअप

'क्वालिटी' नावाचं एकच लॉगिन चौघं वापरत असतील तर लॉगला, म्हणजे कोणी कधी काय केलं त्या नोंदवहीला, काही अर्थ उरत नाही, कारण ती क्वेरी कोणी चालवली हे सांगताच येत नाही. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन हवं. माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं लॉगिन स्थगित करून घ्या. जॉबवर्कवाल्याचं काम संपलं तरी तेच.

फर्नेस ऑपरेटरचं नाव, फोन, आधार क्रमांक ग्राफमध्ये असतील तर डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ तुम्हालाही लागू होतो. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत डेटापर्यंतच्या प्रवेशावर नियंत्रण आणि लॉग एक वर्ष ठेवणं हे दोन्ही आहे, आणि नियम टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. हीटचा माग काढायला आधार क्रमांक लागत नाही. तो ग्राफमध्ये भरूच नका, कामगाराचा टोकन नंबर पुरतो.

बॅकअपच्या फायलीला यातला कुठलाच रोल अडवत नाही. ती दुसऱ्या मशीनवर उघडली की सगळा डेटा समोर येतो. पेन ड्राइव्हवर बॅकअप नेत असाल तर तो एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा करूनच, न्या. आणि राउटरवर ७४७४ आणि ७६८७ हे निओफोरजेचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायची दारं, इंटरनेटला उघडे नाहीत ना, हे तुमच्या नेटवर्कवाल्याला विचारून घ्या.

भेटीआधी तुमच्याकडून एक कागद हवा आहे. सिस्टिम वापरणाऱ्या प्रत्येकाचं काम लिहा आणि त्यासमोर त्याला रोज पडणारे दोन-तीन प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा, उदाहरणार्थ 'आज फेटलिंगला (कास्टिंगची साफसफाई) किती गेली' किंवा 'या पॅटर्नचं रिजेक्शन किती'. हुद्दा लिहिला नाही तरी चालेल, रोल आम्ही त्या प्रश्नांवरून बांधतो. बाहेरच्या माणसांची, म्हणजे ग्राहकांचे इन्स्पेक्टर, मशीन शॉपवाले आणि ऑडिटर यांची यादी वेगळ्या पानावर द्या.