वाकणारं थर्मोइलेक्ट्रिक: नॅनोट्यूबची खरी कमाल तिच्या जोडांमध्ये आहे

दोन वेगळ्या धातूंचे सांधे, एक गरम एक थंड, असे ठेवले की शेजारची चुंबकसुई हलते हे थॉमस सीबेकनं 1821 मध्ये पाहिलं. म्हणजे तापमानातल्या फरकातून थेट वीज, मध्ये ना वाफ ना फिरणारं चाक, यालाच थर्मोइलेक्ट्रिक म्हणतात. आज यासाठी बिस्मथ टेल्युराइड वापरतात, रूम टेंपरेचरला ते उत्तम चालतं, पण ठिसूळ आहे, अंगाच्या उष्णतेतून वीज घ्यायला मनगटावर गुंडाळायला गेलात तर तडकणारच.

म्हणून कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म नळी. एकाच भिंतीची नळी साधारण 1 नॅनोमीटर जाडीची, आणि अशा असंख्य नळ्या एकमेकींत गुंतल्या की कागदासारखी फिल्म होते जी वाकवली तरी सहज तुटत नाही. पण इथे एक मोठी अडचण वाटते बघा. चांगल्या थर्मोइलेक्ट्रिक मटेरिअलमधून वीज सहज जायला हवी आणि उष्णता मात्र अडायला हवी, नाहीतर दोन्ही बाजू लगेच सारख्याच गरम होतात आणि फरक संपतो. आणि एकटी नॅनोट्यूब तर उष्णता तांब्याच्या कितीतरी पट वेगानं नेते! मग हे जमतं कसं?

जमतं ते जोडांमुळे. फिल्ममध्ये नळीवर नळी जिथे टेकते तिथे उष्णता नेणारी अणूंची कंपनं बरीचशी अडकतात, इलेक्ट्रॉन मात्र त्या मानानं सहज उडी मारून पुढे जातात, आणि मध्ये थोडं पॉलिमर घातलं तर हा फरक आणखी वाढवता येतो. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, वरवर दोष दिसणारा जोडच इथे काम करतो.

दुसरा प्रश्न जोडीचा. डिव्हाइसला दोन प्रकारचे पाय, म्हणजे मटेरिअलचे तुकडे लागतात: एन-टाईप, ज्यात वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात, आणि पी-टाईप, ज्यात ते काम इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा करतात. नॅनोट्यूब हवेतल्या ऑक्सिजनमुळे आपोआप पी-टाईप होते, तिला एन-टाईप करायला पॉलिइथिलिनइमाइनसारखं इलेक्ट्रॉन देणारं रसायन लावतात. करणं सोपं, टिकवणं अवघड, कारण तोच ऑक्सिजन हळूहळू ते इलेक्ट्रॉन परत काढून घेतो.

आता हिशोब करून बघू. एका पायाला दर अंशाला 60 मायक्रोव्होल्ट धरा, दोन बाजूंत 5 अंशांचा फरक धरा, तर दोन पायांच्या एका जोडीला 0.6 मिलिव्होल्ट. 100 मिलिव्होल्ट हवे असतील तर सुमारे 170 जोड्या एकापाठोपाठ जोडाव्या लागतील. आणि अंगावर 5 अंशसुद्धा सहज मिळत नाहीत, कारण फिल्म इतकी पातळ असते की त्वचेची उष्णता लगेच आरपार जाते. त्यामुळे फिल्म आडवी न चिकटवता नॅनोट्यूबचा दोराच करतात, त्याचे थोड्या थोड्या अंतरावरचे भाग एन-टाईप करतात, बाकीचे पी-टाईपच ठेवतात आणि तो जाड कापडातून खालीवर शिवतात, म्हणजे एक सांधा त्वचेला लागतो, पुढचा बाहेर हवेत निघतो, आणि कापडाच्या जाडीमुळे दोन्हींमधला फरक टिकून राहतो.