आलेखात न दिसणारं खोकं

अमेरिका आणि चीन यांच्या कागद-पुठ्ठ्याच्या व्यापाराची तुलना करायची असेल, तर आकडे मिळवणं आज अवघड नाही. १९८८पासून बहुतेक देशांची सीमाशुल्क खाती मालाची एकच वर्गवारी वापरतात आणि तिचं ४८वं प्रकरण म्हणजे कागद आणि पुठ्ठा. त्यातली वर्षावर्षाची आयात-निर्यात काढायची, दोन रेषा ओढायच्या, झाला आलेख. अडचण एवढीच, की या दोघांमधली पुठ्ठ्याची खरी ये-जा त्यात सापडतच नाही.

चीनमध्ये बनलेला टीव्ही खोक्यात बसून अमेरिकेला जातो. नेहमीच्या वेष्टनाची नोंद आतल्या मालाबरोबरच करायची, असा वर्गवारीचा नियम आहे. त्यामुळे तो पुठ्ठा कागदोपत्री टीव्ही असतो, बूट असतो, खेळणी असतो. रिकामी खोकी विकायला पाठवली, तरच ती ४८व्या प्रकरणात येतात.

टीव्ही बाहेर आला की खोकं रद्दीत जातं, आणि रद्दीचं प्रकरण ४७वं. म्हणजे परतीचा प्रवासही आपल्या आलेखाबाहेरच! या प्रवासाचं गणित झांग यिन या उद्योजिकेनं फार लवकर ओळखलं. चिनी माल उतरवून जहाजं जवळपास रिकामी परतायची, म्हणून त्या दिशेचं भाडं स्वस्त. १९९०मध्ये तिनं लॉस एंजेलिसमधून रद्दी पाठवणारी कंपनी काढली, १९९५मध्ये चीनमध्ये ‘नाइन ड्रॅगन्स’ ही पुठ्ठ्याची कंपनी सुरू केली, आणि २००६मध्ये ती चीनच्या श्रीमंतांच्या यादीत पहिली आली. २०१२च्या सुमारास चीन वर्षाला ३ कोटी टन रद्दी आयात करत होता. सर्वांत मोठा पुरवठादार अर्थातच अमेरिका.

पण रद्दी काय चीनमध्ये नव्हती? होती, पण दुबळी होती. खोक्याची कड फाडून पाहा: वर-खाली दोन सपाट थर आणि मध्ये नागमोडी कागद. फाटलेल्या कडेला केसासारखे तंतू दिसतात. अमेरिकी खोक्यात पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचे सुमारे ३ मिलिमीटर लांबीचे ताजे तंतू बरेच असतात. चीनमध्ये कागदासाठी वापरल्या जाणाऱ्या गवताच्या काडाचे तंतू त्याच्या निम्मेही भरत नाहीत. शिवाय दर पुनर्वापरात तंतू तुटतात, ताठर होतात, नीट गुंतत नाहीत. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यांच्यात फारसा दम उरत नाही. तेव्हा चीन रद्दीच्या नावाखाली खरं तर अमेरिकेच्या जंगलातली ताकद विकत घेत होता. रद्दी स्वस्त असल्यामुळे डॉलरच्या आलेखात हे किरकोळ वाटतं. टनांत मांडलं की डोळ्यांत भरतं.

मग २०१८ उजाडलं. चीननं न निवडलेली मिश्र रद्दी बंद केली आणि बाकीच्या रद्दीत कचऱ्याची मर्यादा ०.५ टक्क्यावर आणली. अमेरिकी घरांत कागद, काच, प्लास्टिक बहुतेक ठिकाणी एकाच डब्यात जातं, तिथे ही अट पाळणं कर्मकठीण. (आपल्याकडे रद्दीवाला किलोनं पैसे मोजतो, म्हणून वर्तमानपत्रं आपोआप कोरडी आणि वेगळी राहतात.) २०२०मध्ये चीनची रद्दी-आयात ७० लाख टनांच्या आत आली आणि २०२१पासून ती पूर्णच बंद झाली.

तंतूंची गरज मात्र होती तिथेच होती. नाइन ड्रॅगन्सनं २०१८मध्येच अमेरिकेतल्या मेन आणि विस्कॉन्सिन राज्यांमधल्या गिरण्या विकत घेतल्या. रद्दीचा तिथेच लगदा केला की तो घनकचरा राहत नाही, म्हणून बंदीतही येत नाही. वर्गवारीत रद्दीचा क्रमांक ४७०७, अशा लगद्याचा ४७०६. पहिली रेषा कोसळताना दुसरी शेजारी ठेवली नाही, तर व्यापारच संपला असं वाटेल.

काही तंतूंनी भारतमार्गे वळसा घेतला. इथल्या गिरण्यांनी परदेशी रद्दीपासून बनवलेली क्राफ्ट कागदाची (खोक्यांसाठीच्या मजबूत, तपकिरी कागदाची) रिळं चीनला जाऊ लागली, आणि २०२१च्या आसपास आपले खोकी बनवणारे कारखानदार कागद मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, अशी ओरड करू लागले.