मोठा क्लब वेगळा, तगडा संघ वेगळा

लंडनच्या टॉटेनहॅमला मोठा फुटबॉल क्लब म्हणायचं की नाही, यावर आमच्या मित्रांत दर दोन महिन्यांनी भांडण पेटतं. एक जण म्हणतो, १९६१ नंतर लीग जिंकलेली नाही, कसला डोंबलाचा मोठा? दुसरा म्हणतो, ६२ हजारांचं स्टेडियम भरतंय, ते काय उगाच? माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, फक्त बोलतायत वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. पहिला संघाचं वजन करतोय, दुसरा क्लबचं. मराठीत आपण दोन्हीला ‘टीम’ म्हणून मोकळे होतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

संघ म्हणजे या घडीला करारावर असलेले पंचवीस-तीस खेळाडू आणि त्यांचा प्रशिक्षक. तो तगडा आहे का, हे गुणतक्ता सांगतो, आणि वर्षभरानं तोच तक्ता उलटं सांगू शकतो. क्लब म्हणजे ही सगळी मंडळी निघून गेल्यावर जे उरतं ते: मैदान, रंग, शेजाऱ्याशी असलेलं जुनं वैर आणि भर पावसातही येणारी माणसं. संघाचा तगडेपणा वर असताना दिसतो. क्लबचं मोठेपण बघायचं तर तो खाली घसरेपर्यंत थांबावं लागतं.

लेस्टर सिटीचं बघा. २०१५-१६ चं प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, त्यांनी १० गुणांच्या फरकानं जिंकलं, आणि हंगामाच्या सुरुवातीला त्यांच्यावरचा सट्ट्याचा भाव होता ५००० ला १. वार्डी, महरेझ, कांते. तगडेपणाबद्दल शंकाच नको. पण कांते त्याच उन्हाळ्यात चेल्सीला गेला, महरेझ दोन वर्षांनी मँचेस्टर सिटीला, आणि विजेतेपद मिळवून देणाऱ्या प्रशिक्षक रानिएरींना वर्षाच्या आत नारळ मिळाला. २०२३ मध्ये लेस्टर खालच्या विभागात गेलं. इंग्लंड हळहळलं, पण हादरलं नाही.

यावरून एक सोपी कसोटी सुचते: जिथून चांगला खेळाडू ‘वर’ जातो, तो क्लब मोठा नाही. कसोटी आवडावी अशी आहे, पण टिकत नाही. जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडच्या मैदानात ८१ हजार माणसं मावतात आणि येतातही. तरी त्याच देशाच्या बायर्न म्युनिकनं तिथून ग्योत्झे, लेवांडोव्स्की, हुमेल्स असे एकेक उचलून नेले, घरचंच कोठार असल्यासारखे. डॉर्टमुंडला छोटा म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

म्हणून मी गर्दीकडे बघतो. चांगल्या दिवसांतली गर्दी धरायची नाही, उगवत्या सूर्याला सगळेच नमस्कार करतात. उत्तर इंग्लंडच्या संडरलँडनं शेवटची लीग १९३६ मध्ये जिंकली. शहरातले जहाजबांधणीचे कारखाने १९८८ मध्ये संपले, कोळशाची शेवटची खाण १९९३ मध्ये बंद झाली आणि त्याच खाणीच्या जागेवर क्लबनं १९९७ मध्ये नवं स्टेडियम बांधलं. पुढे लागोपाठ दोन वर्षं घसरण होऊन क्लब तिसऱ्या विभागात पडला. २६ डिसेंबर २०१८ ला ब्रॅडफर्डविरुद्ध सामना होता. तिसऱ्या दर्जाचं फुटबॉल आणि उत्तर इंग्लंडची थंडी. प्रेक्षक आले ४६,०३९. त्या वर्षी प्रीमियर लीगमधल्या निम्म्याहून अधिक क्लबांच्या मैदानात एवढी माणसं बसलीच नसती. संघ सुमार होता, यात वाद नाही. क्लब मात्र मोठाच होता, कारण त्या गावात खाण आणि गोदी गेल्यावर शनिवारी एकत्र जमायला तेवढंच उरलं होतं.

आता मँचेस्टर, सिटी आणि युनायटेड या दोन क्लबांचं शहर. ‘सिटीला इतिहास नाही, तेलाच्या पैशावर मोठे झाले’ हे युनायटेडवाल्यांचं पाठ केलेलं वाक्य आपल्याकडेही ऐकू येतं. मला ते उलट वाटतं. मे १९९९ मध्ये चार दिवसांच्या अंतरानं काय झालं पाहा. २६ तारखेला बार्सिलोनात युनायटेडनं भरपाई वेळेत दोन गोल करून बायर्नला हरवलं आणि युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च चषक जिंकला. ३० तारखेला वेम्बलीत सिटीचा सामना होता जिलिंगहॅमशी, तिसऱ्या विभागातून दुसऱ्यात चढण्यासाठी. नव्वदाव्या मिनिटाला सिटी ०-२ मागे. हॉरलॉकनं एक मारला, पंचाण्णवाव्या मिनिटाला डिकॉव्हनं दुसरा, आणि पेनल्टींवर ते सुटले. त्याच हंगामात हे लोक यॉर्कसारख्या छोट्या क्लबकडे जाऊन हरले होते. तरीही मेन रोड या त्यांच्या मैदानावर घरच्या सामन्यांना सरासरी २८ हजारांच्या आसपास माणसं येत होती, आणि शेजारी युनायटेड सगळं जिंकत असताना येत होती.

म्हणजे सिटी मोठा क्लब होताच, संघ भिकार होता. २००८ मध्ये अबुधाबीचा पैसा आला तो संघ तगडा करायला, आणि तो इतका तगडा झाला की २०२१ ते २०२४ सलग चार लीग जिंकल्या. यातल्या कुठल्या चषकानं क्लब मोठा झाला, हे मला सांगता येणार नाही.

युनायटेडची गोष्ट याच तराजूत दुसऱ्या बाजूनं येते. १९७४ मध्ये तेही खाली घसरले होते, आणि पुढच्या हंगामात इंग्लंडमधली सर्वाधिक सरासरी गर्दी दुसऱ्या विभागातल्या युनायटेडची होती. २०२४-२५ मध्ये ते लीगमध्ये पंधरावे आले. बडा घर पोकळ वासा म्हणून हसायला हरकत नाही, हसलोही. पण पंधराव्या क्रमांकाच्या संघावर रोज एवढी चर्चा होते, हाच त्या घराच्या बडेपणाचा पुरावा.

या सगळ्यात नॉटिंगहॅम फॉरेस्ट मात्र कुठेच नीट बसत नाही. प्रशिक्षक ब्रायन क्लफ १९७५ मध्ये आले तेव्हा क्लब दुसऱ्या विभागात होता. १९७८ मध्ये लीग जिंकली, १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन कप, म्हणजे युरोपातला तोच सर्वोच्च चषक. देशाची लीग एकदा आणि युरोप दोनदा, असा हिशेब आणखी कुणाचा नाही. २००५ मध्ये तोच क्लब तिसऱ्या विभागात गेला. तगडा संघ एवढा उंच गेला की क्लबवर त्याची सावली कायमची पडली. फॉरेस्टला मी मोठा म्हणतो, पण मतमोजणीत हरेन.

मालक लोक या वादात पडतच नाहीत, त्यांचं मोजमाप तयार असतं. एप्रिल २०२१ मध्ये १२ क्लबांनी सुपर लीग, म्हणजे बड्या क्लबांची स्वतःची वेगळी युरोपियन स्पर्धा, जाहीर केली. त्यात इंग्लंडचे सहा, आणि त्या सहांत टॉटेनहॅम आणि आर्सेनल. तेव्हा गुणतक्त्यात लेस्टर या दोघांच्याही वर होतं, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी एफए कपही जिंकला. त्यांना आवतण नव्हतं. खेळावर नव्हे, जगभर किती लोक बघतील आणि जर्सी घेतील यावर यादी ठरली होती. चाहतेच रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले.

आपल्याकडे हा फरक आणखी ठळक दिसतो. २०१४ मध्ये जन्मलेल्या मुंबई सिटीनं आयएसएल या भारतीय फुटबॉल लीगची दोन शील्ड (गुणतक्त्यात पहिलं येण्याची) आणि दोन करंडक (अंतिम सामना जिंकण्याचे) जिंकले. दुसरा करंडक मे २०२४ मध्ये, थेट कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ हरवून. अंधेरीच्या मैदानात मात्र दहा हजार माणसंही मावत नाहीत. उलट १९२० चा ईस्ट बंगाल आयएसएलमध्ये आला आणि २०२१-२२ मध्ये चक्क तळाला राहिला, पण मोहन बागानशी डर्बीच्या, म्हणजे शेजाऱ्यांच्या लढतीच्या, दिवशी निम्मं कोलकाता लाल-पिवळं व्हायचं काही थांबलं नाही. गोव्याच्या धेंपोनं पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. पणजीकर माझ्यावर चिडतील, पण मी धेंपोला तगड्यांच्या रांगेत बसवतो.

आणि कोल्हापूर? पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या फुटबॉल क्लबांची नावं देशाच्या फुटबॉलमध्ये फारशी निघत नाहीत. त्यांच्यातली लढत असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठाच्या पेठा येऊन बसतात. तिथं मी एका आजोबांना विचारलं होतं, तुम्ही याच तालमीचे का? ते म्हणाले, ‘आता घर हितं हाय म्हटल्यावर दुसरीकडं कुठं जायचं?’