ठाण्याच्या केसपेपरपासून जर्नलच्या पोर्टलपर्यंत

कळवा, नेरूळ किंवा कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजात मनोविकारशास्त्रात एमडी करणारा रेसिडेंट थिसिस पुरा झाला की त्यातून एक पेपर काढतो आणि जर्नलच्या, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाच्या, पोर्टलवर चढवायला बसतो. पोर्टल एकेक गोष्ट मागत जाते. लेखकांची नावे असलेले पहिले पान वेगळे, नावे काढलेला लेख वेगळा. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचे पत्र. रुग्णाची संमती. कोणत्या लेखकाने नेमके काय केले, पैसा कुठून आला, औषधाची ट्रायल, म्हणजे रुग्णांवरची चाचणी, असेल तर नोंदणी क्रमांक. रात्रीची ड्युटी करून आलेल्या माणसाला ही निव्वळ कागदपत्रांची कटकट वाटते. पण यातले बरेच रकाने पूर्वी कुणावर तरी अन्याय झाला म्हणून आले आहेत, आणि मनोरुग्णांच्या वाट्याला तो जास्तच आला.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१चे, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने उभे राहिलेले. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या अशा संस्थांचे लिखाण म्हणजे सरकारला जाणारे वार्षिक अहवाल. किती दाखल झाले, किती सुटले, किती दगावले, धर्म कोणता, धंदा कोणता, वेडाचे कारण काय, असे तक्ते. रुग्ण त्यात आकडा म्हणून येई. त्याचे स्वतःचे म्हणणे कुठे नसे आणि त्याला विचारण्याची गरजही कुणाला वाटत नसे. परदेशातही फार वेगळे नव्हते. अमेरिकेत १८४४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १८५३ मध्ये या विषयाची पहिली मोठी नियतकालिके निघाली, ती वेड्यांच्या इस्पितळांच्या अधीक्षकांनी एकमेकांसाठी काढलेली होती. इंग्लंडच्या नियतकालिकाचे नावच ‘असायलम जर्नल’ होते. आजचे ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’ ते हेच.

कुठे छापले जाते यावर किती अवलंबून असते, हे सर्पगंधा या औषधी वनस्पतीच्या इतिहासात दिसते. आपल्याकडे वैद्य तिची मुळी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. वेड आणि वाढलेला रक्तदाब, दोन्हींवर ही मुळी चालते, हे त्याच्या शीर्षकातच होते. पाश्चात्त्य वैद्यकात त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. मग १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आणला आणि जग जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे काढले गेले. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयातले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ते औषध जगभरच्या मनोरुग्णालयांत पोहोचले. कलकत्त्याच्या निबंधापासून तिथवर तेवीस वर्षे गेली. मला ही गोष्ट अभिमानाची जितकी वाटते तितकीच दुःखाचीही. त्या तेवीस वर्षांत किती माणसे साखळदंडात आणि कोठड्यांत राहिली असतील!

इंडियन सायकियाट्रिक सोसायटी ही देशातल्या मनोविकारतज्ज्ञांची संघटना १९४७ची. तिचे नियतकालिक १९४९ मध्ये न्यूरॉलॉजीसोबत जोडीने निघाले, आणि १९५८ पासून ‘इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री’ स्वतंत्रपणे चालू आहे. इथल्या डॉक्टरांना इथल्या कुटुंबांबद्दल, देव अंगात येण्याबद्दल, मुंबईच्या चाळीतल्या आजाराबद्दल लिहायला हक्काची जागा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेल्या उपचारांचे अनुभव १९७३ मध्ये याच नियतकालिकात मांडले.

तोवर सगळे टंकलेखनाचे. एका जर्नलने नाकारले की दुसऱ्याच्या पद्धतीने संदर्भ लावून अख्खा लेख पुन्हा टाइप करायचा. १९७८ मध्ये काही वैद्यकीय संपादक कॅनडात व्हँकुव्हरला जमले आणि त्यांनी एकसारखे नियम ठरवले. संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे देण्याची सवय तिथूनच पसरली. लेखक कुणाला म्हणायचे, हेही पुढे याच गटाने ठरवत नेले.

ट्रायलच्या नोंदणीमागची गोष्ट थेट आपल्या विषयातली आहे. किशोरवयीन मुलांना दिल्या जाणाऱ्या पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचे प्रतिकूल निष्कर्ष दडवल्याचा दावा न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी २००४ मध्ये उत्पादक कंपनीवर लावला. त्याच वर्षी संपादकांच्या गटाने जाहीर केले की रुग्ण घेण्याआधी नोंद नसलेली ट्रायल छापणार नाही. ट्रायलची भारतातली नोंदवही २००७ मध्ये उघडली आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली.

देशातल्या वैद्यकीय शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलच्या पदव्युत्तर नियमांतही भर पडली. परीक्षेला बसायचे तर एक शोधनिबंध छापलेला, स्वीकारलेला किंवा निदान पाठवलेला हवा, असा तो नियम होता. या ‘निदान पाठवलेला’ने फार नुकसान केले असे माझे ठाम मत आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचे फावले आणि चांगल्या जर्नलांकडे घाईत पाठवलेल्या लेखांचा ढीग लागला. मुंबईच्या मेडनोसारख्या प्रकाशकांनी ऑनलाइन व्यवस्था उभी केल्यावर पाठवणे एका रात्रीचे काम झाले. लिहायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो.

नावे काढलेल्या लेखाचे कारण उघड आहे. मोठ्या संस्थेचे नाव पाहून जर्नलसाठी लेख तपासणाऱ्या समीक्षकाने झुकू नये आणि लहान गावच्या डॉक्टरला डावलू नये. रुग्णाची ओळख लपवणे मात्र याहून कठीण. नौपाड्यातला बँकेत नोकरी करणारा, बायको शिक्षिका, भाऊ दुबईला, एवढे लिहिले तरी ठाण्यात दहा जण ओळखतील. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा ज्या शहराच्या नावाने मारला जातो, तिथे अशी ओळख फुटली तर मुलीचे लग्न मोडते, नोकरी जाते. म्हणून केस रिपोर्टमध्ये, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या हकिगतीवरच्या लेखात, वय, व्यवसाय, नातेवाईक यांतले जे आजार समजायला लागत नाही ते गाळायचे, आणि उरलेले रुग्णाला वाचून दाखवून मगच सही घ्यायची.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे ९९वे कलम हेच संशोधनापुरते सांगते. मुलाखत घ्यायची, चाचणी करायची, औषध द्यायचे, तर त्या व्यक्तीची मोकळी, समजून दिलेली संमती हवी. संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णांच्या केसपेपरांचा अभ्यास ओळख गुप्त राहणार असेल तरच करता येतो. आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. अभ्यास कितीही पुढे गेलेला असो, रुग्णाने नको म्हटले की थांबायचे.