आईच्या तापाची तारीख

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या अनेक घरांत कानबाई देवी बसते. सुरतेकडे, पुण्याकडे पोटापाण्यासाठी गेलेले भाऊबंद रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, गावी परततात, दोन दिवस घर माणसांनी भरून जाते, आणि सुवेर नुकतेच फिटलेली बाळंतीण घरात असली की आल्यागेल्या प्रत्येकाला वीस दिवसांच्या बाळाचा पापा घ्यायचा असतो. त्या गर्दीत एखाद्या चार वर्षांच्या पोराच्या तळहातांवर आणि तोंडात बारीक फोड आलेले असतात. ‘उष्णता झाली’ एवढे म्हणून विषय संपतो आणि फोडही बहुधा आठवड्याभरात जातात. २०२२ साली केरळात ‘टोमॅटो फ्लू’ या नावाने गाजलेला आजार याच प्रकारचा होता. असे फोड आणणारे विषाणू एंटेरोव्हायरस नावाच्या गटातले असतात, आणि या गटातले काही विषाणू जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळाला गाठतात तेव्हा मात्र ‘उष्णता’ म्हणून सोडून देण्यासारखे काही उरत नाही.

पोलिओचा विषाणू हा या गटातला सर्वांत कुप्रसिद्ध. कॉक्साकी आणि एको हे त्याचे सगोत्र. कॉक्साकी हे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील एका लहान गावाचे नाव आहे. तेथील आजारी मुलांच्या शौचाच्या नमुन्यांतून मिळालेल्या विषाणूची माहिती १९४८ साली प्रसिद्ध झाली. तो सापडण्याचे श्रेय एका अर्थी उंदरांच्या पिल्लांचे आहे, कारण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना नमुना टोचल्यावर ती लुळी पडत, तर मोठ्या उंदरांना काहीच होत नसे. नवजात जीव आणि हा विषाणू यांचे वाकडे नाते असे पहिल्याच प्रयोगात दिसले होते.

माणसाच्या बाळाच्या बाबतीत हे नाते बरेचसे तारखेवर अवलंबून असते. गरोदर आईला संसर्ग झाला की काही दिवसांत तिच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये तयार होतात आणि नाळेतून बाळाला मिळतात. प्रसूतीच्या महिनाभर आधी ताप येऊन गेला असेल, तर बाळ बहुधा शिदोरी घेऊनच जन्माला येते. तोच ताप प्रसूतीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत आला, तर विषाणू पोहोचतो आणि प्रतिद्रव्ये मागे राहतात. गंभीर आजारी पडलेल्या अनेक बाळांच्या मातांना प्रसूतीच्या सुमारास ताप किंवा पोटदुखी होऊन गेल्याचे आढळते. पण ती कळांच्या आणि धावपळीच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरी मुळातच लहान असते, कारण प्रतिद्रव्यांचा मोठा वाटा शेवटच्या काही आठवड्यांतच नाळ ओलांडतो.

२०१९ साली यात एक चकित करणारी भर पडली. आईची प्रतिद्रव्ये नाळेतून बाळाकडे नेणारे एक खास प्रथिन असते. एको विषाणू पेशीत शिरण्यासाठी नेमके हेच प्रथिन वापरतात, असे त्या वर्षी सिद्ध झाले. ज्या दारातून आईचे संरक्षण आत येते, तेच दार विषाणूनेही हेरलेले आहे. हे प्रथिन आतड्याच्या आणि यकृताच्या पेशींवरही असते, त्यामुळे एको ११ या प्रकारात नवजातांचे यकृत इतक्या झपाट्याने का निकामी होते, याचा काहीसा उलगडा होतो. याच एको ११ मुळे २०२२-२३ मध्ये फ्रान्समध्ये नऊ नवजात बालके अत्यवस्थ झाली आणि त्यांतली सात दगावली. सर्वांची लक्षणे जन्मानंतरच्या पहिल्या सात दिवसांत सुरू झाली होती. कॉक्साकी ‘बी’ प्रकारांचा ओढा मात्र हृदयाच्या स्नायूकडे अधिक असतो.

अर्थात संसर्ग झालेली बहुतेक बाळे ठणठणीत राहतात किंवा किरकोळ आजारावर सुटतात. अडचण अशी की सुरुवातीची लक्षणे अगदी सामान्य असतात: बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडून राहते किंवा उगाच किरकिरते, अंग तापते किंवा उलट गार पडते, कधी पुरळ येते. जिवाणूंचा संसर्गही असाच दिसतो, म्हणून डॉक्टर तपासण्या हाती येईपर्यंत प्रतिजैविके सुरू करतात, आणि तेच योग्य आहे, जरी विषाणूवर त्यांचा काही उपयोग नसला तरी. खात्री पीसीआर तपासणीने, म्हणजे नमुन्यात विषाणूचा जनुकीय अंश शोधून, होते. तालुक्याच्या गावी ही सोय बहुधा नसते आणि नमुना बाहेर पाठवावा लागतो. खास असे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. श्वास, रक्तदाब, रक्त गोठणे सांभाळत बाळाला तारून नेणे हाच मुख्य उपचार. शिरेतून प्रतिद्रव्येही देतात, पण त्यांच्या उपयोगाचा पुरावा अपुरा आहे. अशा वेळी ‘बाळंतपणाच्या आधी चार दिवस मला ताप होता’ हे आईचे एक वाक्य डॉक्टरांच्या विचाराची दिशा बदलू शकते.

बाळ बरे होऊन घरी आले तरी त्याच्या शौचातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. त्याची दुपटी धुणारे हात आणि सहाणेवर गुटी उगाळून बोटाने चाटवणारे हात पुष्कळदा एकाच आजीचे असतात. (पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये असे डॉक्टर सांगत असतात, गुटी काही सुटत नाही.) या विषाणूभोवती स्निग्ध आवरण नसते, म्हणून अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही, तो हातावरून साबणाने चोळून पाण्याबरोबर वाहून जावा लागतो. वैशाखात आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावांत वारंवार हात धुण्याचा सल्ला देणे सोपे नाही. तेथे निदान दुपट्यांच्या बादलीपाशी साबणाची वडी आणि झाकून ठेवलेले तांब्याभर पाणी एवढे ठेवता येते.